भाजलेलं मीठ

क्षीरोदाच्या हातच्या चटईवर एकदा झोपलेला माणूस दुसऱ्या चटईवर झोपायला कुरकुर करतो, असं बैरागीकाठीत म्हणायचे. म्हणणारे तिचा नवरा नकुल आणि मुलगा परिमल, आणि तेच दोघे चटया बाजारात नेऊन विकणारे, तेव्हा त्यातलं थोडं सोडून द्यायला हरकत नाही. पण थोडंच. बांगलादेशातल्या झालकाठीच्या त्या खाड्याखाड्यांच्या मुलखात शीतलपाटी विणणारी घरं पुष्कळ, पाटीकर आडनावाची तर आख्खी आळीच होती. पण पाण्यासारखी गार आणि इतकी गुळगुळीत, की साप चढला तर घसरून पडेल, अशी चटई आळीत एकटी क्षीरोदाच विणायची. पैत्रा नावाच्या झुडपाच्या हिरव्या काठ्या तासून त्यांच्या दोऱ्याएवढ्या बारीक पट्ट्या काढायच्या, घरातल्या भाताची पेज जमवून त्यात त्या उकळायच्या, आणि मग ओसरीवर मांडी ठोकून दिवसच्या दिवस विणत बसायचं. भात माणसांना आणि पेज चटईला, अशी त्या घरातली वाटणी.

नवी नवरी म्हणून आली तेव्हा सासूने तिच्या तोंडाकडे नंतर पाहिलं, आधी बोटं पाहिली. पाहून झाल्यावर ओसरीवरच्या उगवतीकडच्या खांबाजवळची आपली स्वतःची जागा तिला दिली. सकाळचं ऊन नेमकं तिथे पडतं. त्या जागेवर बसून क्षीरोदाने मोर विणले, कमळं विणली, होड्या विणल्या, आणि मधल्या वेळात दोन लेकी आणि एक मुलगा वाढवला, लेकी सासरी धाडल्या. घरात नकुलचं चालायचं. पण खांबाजवळ बसलेल्या क्षीरोदाला हाक मारताना नकुलसुद्धा आवाज जरा खाली आणायचा.

मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकू लागला. वीण चुकायची नाही, ती बोटांतच होती. पण रंगवलेली लाल पट्टी कुठली आणि साधी कुठली, ते काही बोटांना कळत नाही. एका श्रावणात तिने विणलेल्या मोराला शेपटीकडून चोच फुटली. नकुलने चटई उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"अगं परिमलची आई, हा येतोय का जातोय?"

आळी आठवडाभर हसत होती. क्षीरोदाही हसली, कारण न हसून सांगते कोणाला. पण त्यानंतर नकुल म्हणाला, आता तू चुलीकडे बघ, विणायचं सूनबाई बघेल. आणि तापसी खांबाजवळ जाऊन बसली. तापसी गुणाची पोर, तिचा काही दोष नव्हता. बसताना तिने सासूकडे असं पाहिलं, की जणू कोणाचं तरी लुगडं चोरून नेसलीय. क्षीरोदा चुलीपुढे जाऊन बसली, आणि धुराच्या निमित्ताने जे काय रडायचं ते रडून घेतलं.

आता तिला जगाकडून एकच गोष्ट हवी होती. डोळा परत हवा होता आणि खांबाजवळची जागा परत हवी होती.

दर वर्षी थंडीच्या सुरुवातीला खाडीपलीकडच्या शाळेच्या मैदानावर डोळ्यांचं शिबिर भरायचं. बरिशालहून डॉक्टर यायचे, डोळे तपासायचे, आणि ज्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं त्यांना मोटारहोडीत घालून शहरात न्यायचे. क्षीरोदा पहाटेपासून रांगेत उभी होती. डोळा तपासून झाला, पिकलाय म्हणाले. तिने गाठोडं बगलेत मारलं. तेवढ्यात एका मुलीने तिच्या दंडाला पट्टा बांधून फुसफुस हवा भरली, काट्याकडे पाहिलं, पुन्हा भरली, पुन्हा पाहिलं, आणि डॉक्टरांना बोलावलं.

"आजी, प्रेशर फार आहे. एवढ्या प्रेशरवर डोळ्याला हात लावता येत नाही. उतरवून या. पुढच्या वर्षी करू."

"अहो, ते दंडाचं आहे. डोळा इकडे आहे," क्षीरोदा म्हणाली.

डॉक्टर हसले, पण होडीत काही घेतलं नाही. शेजारची बिंदुबासिनी गेली. परत आली ती डोळ्यांवर काळा चष्मा लावून. आणि गरज संपल्यावरही कित्येक महिने तो तिने काढला नाही. संध्याकाळी दिवेलागणीला काळा चष्मा लावून ती क्षीरोदाच्या दारात यायची आणि म्हणायची, "अगं बाई, तुमच्या अंगणात किती पाचोळा! मला मेलीला आता सगळंच दिसतं."

*

गावातल्या सरकारी दवाखान्यात दिलरुबा आपा आरोग्यसेविका होती. खाडीपलीकडच्या गावची, तिशीतली, बोलायला फटकळ आणि मनाने लोण्यासारखी. तिने क्षीरोदाला गोळ्या दिल्या आणि समोर बसवून बजावलं.

"काकी, नीट ऐका. गोळी रोज. बरं वाटलं तरी रोज. जर्दा बंद. आणि कच्चं मीठ बंद. एवढं केलंत तर पुढच्या वर्षी तुमचा डोळा मी माझ्या हाताने त्या होडीत बसवीन."

"पान पण बंद?"

"जर्दा बंद म्हटलं."

"जर्द्याशिवायचं पान म्हणजे नवऱ्याशिवायची वरात, आपा."

"मग वरात पण बंद."

आता जर्दा सोडणं म्हणजे काय, हे ज्याने सोडलाय त्यालाच विचारावं. चाळीस वर्षं गालात ठेवलेली गोष्ट. क्षीरोदाच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. ती मांजरावर खेकसायची, चुलीवर खेकसायची, एकदा तर अंगणातल्या सुपारीच्या झाडाला तिने चांगलं फैलावर घेतलं. नकुल मुद्दाम समोर बसून पान लावायचा. ती बडीशेप चघळत त्याच्याकडे अशी बघायची, की त्याचा चुना जास्त पडायचा. होळी आली आणि गेली, पण जर्द्याची डबी काही तिने उघडली नाही. शेवटी त्या डबीत तिने सुया ठेवल्या.

आणि मीठ. तिकडे जेवणाच्या ताटाच्या कडेला मिठाची चिमूट हवीच. भातावर वरून घ्यायच्या त्या मिठाला दवाखान्यातले लोक कच्चं मीठ म्हणतात. दिलरुबा म्हणाली, कच्चं बंद. क्षीरोदाने विचार केला, की ठीकच आहे, कच्चं काय चांगलं? कच्चा फणस बाधतो, कच्चं दूध बाधतं, मीठही बाधत असेल. म्हणून तिने लोखंडी कढईत मीठ घेतलं आणि मंद जाळावर तडतडेपर्यंत, मग लालसर होईपर्यंत परतलं. गार करून बरणीत भरलं. आणि दुपारच्या भातावर, सकाळच्या पांत्यावर, म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी खातात त्यावर, ते भाजलेलं मीठ चिमटीचिमटीने घेऊ लागली. आधीपेक्षा थोडं जास्तच, कारण आता ते औषधी होतं.

गोष्ट आळीत पसरायला कितीसा वेळ लागतो! क्षीरोदाकाकीने जर्दा सोडला, ती काही उगाच करणारी नाही. घराघरांत मीठ भाजलं जाऊ लागलं. बिंदूने तर त्यात जिरंही घातलं आणि वर सांगत सुटली, की मूळ कल्पना तिचीच.

पण प्रेशर काही उतरेना. महिन्या-दोन महिन्यांनी क्षीरोदा दवाखान्यात जायची, दंड पुढे करायची, आणि दिलरुबाच्या कपाळावर आठ्या पडायच्या.

"गोळी घेता ना?"

"तापसीला विचार. पोर उभी राहून गिळायला लावते."

"जर्दा?"

"तोंड उघडून दाखवू?"

"मीठ?"

"कच्च्याला हात लावत नाही."

दिलरुबाने गोळी वाढवली. काटा थोडासा हलला आणि पुन्हा अडून बसला. पावसाळा संपत आला. क्षीरोदाला वाटू लागलं, की हे आपल्या नशिबातच लिहिलेलं दिसतंय. बाप असाच गेला होता, शेतातून येऊन घोटभर पाणी मागितलं आणि आडवा झाला. तिला मोठा भाऊ आठवला, तोही तसाच गेलेला. डोळा तर राहोच, आपणही एक दिवस अशाच जाणार, मोराच्या उलट्या चोचीची आठवण मागे ठेवून.

*

त्या दिवशी दिलरुबा आळीत लहान मुलांना लस टोचायला आली होती. टोचून झालं, पोरं रडून झाली, आणि दुपार कलल्यावर ती पाणी प्यायला क्षीरोदाच्या स्वयंपाकघराच्या दाराशी आली. पुरुष जेवून केव्हाच आडवे झाले होते. आत मातीच्या जमिनीवर क्षीरोदा आणि तापसी ताटं घेऊन बसल्या होत्या. ताटात भाताचा ढीग, भाजलेली लाल मिरची, अर्धा कांदा, आणि कडेला तांबूस दाण्यांची छोटी टेकडी.

"काकी, ते काय?"

"मीठ."

दिलरुबाच्या हातातला पेला तसाच राहिला. "मीठ बंद केलं म्हणत होतात ना?"

"कच्चं बंद केलं. हे भाजलेलं आहे." क्षीरोदाने अभिमानाने बरणी पुढे केली. "मी स्वतः परतते. लाल होईस्तोवर. बघ, वास घे."

दिलरुबाने वास घेतला. मग ती उंबऱ्यावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ओढणी तोंडात कोंबली तरी हसू थांबेना. तापसीही हसू लागली, का ते न कळता.

"काकी! अहो, कच्चं म्हणजे ताटात वरून घेतलेलं! भाजा, तळा, उन्हात वाळवा, मीठ ते मीठच!"

"मग तसं सांगायचं होतं! कच्चं कशाला म्हणालीस?"

"सगळे तसंच म्हणतात!"

"आणि सगळ्यांनी तसंच भाजलं," क्षीरोदा म्हणाली. "आख्ख्या आळीने. बिंदू जिरं घालते."

दिलरुबाने कपाळाला हात लावला. आजूबाजूच्या सगळ्या गावांत हेच वाक्य सांगत ती फिरली होती. कुठे कुठे कढया तापल्या असतील कोण जाणे.

"बरं, झालं ते झालं," ती डोळे पुसत म्हणाली. "आता हे पण बंद. भाताबरोबर भाजी घ्या, मासा घ्या, मग मिठाची आठवण येणार नाही."

"भाजी कुठाय?" तापसीने विचारलं. तक्रार म्हणून नाही, खरंच विचारलं.

दिलरुबाने चुलीकडे पाहिलं. कढई रिकामी होती. तळाला माशाच्या रश्श्याचा पिवळा डाग आणि एक काटा. दुधी भोपळ्याची भाजी झाली होती, तिच्या भांड्यात पाणी घालून ठेवलं होतं.

"संपली," क्षीरोदा म्हणाली. "आम्ही शेवटी बसतो ना. कधी उरते, कधी नाही. नुसता भात घशाखाली जायला काहीतरी नको का, आपा? मग मीठ-मिरची."

"रोज?"

"सासूबाई अशाच जेवायच्या. आई अशीच जेवायची."

दिलरुबाचं हसू कुठल्या कुठे गेलं. तिच्या घरीही चुलीशेजारी अशीच एक कढई होती, आणि तिची अम्माही अशीच मीठ-मिरचीवर जेवत जेवत एका सकाळी अर्ध्या अंगाने लुळी पडली होती. हे तिला माहीत होतं. पण त्या लुळेपणाचा आणि कढईचा काही संबंध असेल, हे तिच्या डोक्यात आजवर आलंच नव्हतं.

"काकी," ती हळू आवाजात म्हणाली, "गोळी मी देईन. लागेल तेवढी देईन. पण तुमच्या ताटात मासा मी वाढू शकत नाही. ते तुमचं तुम्हालाच बघावं लागेल."

ती गेली. क्षीरोदाने बरणीला झाकण लावलं आणि ताटातला उरलेला भात तसाच ठेवून उठली.

*

राग तिला लगेच आला नाही. आला तेव्हा कोणावर काढावा ते कळेना. नकुलने कधी तिचं ताट ओढून घेतलं नव्हतं, फक्त तिच्या ताटात काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं. परिमलने पाहिलं नव्हतं. आणि तापसीच्या ताटात काय आहे, ते तिने स्वतः तरी कुठे पाहिलं होतं? सून आली तेव्हा तिने तिला शिकवलं होतं, आधी पुरुषांना, मग पोरांना, मग आपण. असं शिकवलं, की जणू काही विणायचीच रीत शिकवतेय.

आणि मग तिच्या मनात एक साधीच गोष्ट आली. ती इतकी साधी होती, की तिला स्वतःचीच कीव आली. चटया विणणाऱ्यांचं घर. पुरुष जेवायला चटईवर बसतात. पाहुणे चटईवर बसतात. लोकांच्या मुलींची लग्नं तिने विणलेल्या चटयांवर लागतात. आणि विणणाऱ्या दोघी मातीवर बसून मीठ-भात खातात.

दुसऱ्या दिवशी परिमलने बाजारातून रोहू आणला. क्षीरोदा मासा कापायला बसली आणि घरात जेवढी माणसं तेवढेच तुकडे केले, एकसारखे. मग माळ्यावर चढली. तिथे तिची लग्नानंतरची पहिली चटई गुंडाळून ठेवलेली होती. सासू म्हणाली होती, ही विकू नका, पाहुण्यांना होईल. ऐसपैस, मधोमध कमळ. ती चटई तिने झटकली आणि ओसरीवर पसरली. नेहमीची दोन ताटं मांडली, आणि शेजारी आणखी दोन.

नकुल हातपाय धुऊन आला आणि थबकला.

"कोण येणार आहे?"

"कोणी नाही. मी बसणार आहे. सूनबाई बसणार आहे."

"कुठे?"

"दिसत नाही? डोळे माझे गेलेत, तुमचे नाही."

नकुलने मुलाकडे पाहिलं. मुलगा छताकडे पाहू लागला. तापसी दारात उभी, पदर बोटाला गुंडाळत, रडावं की पळावं अशा बेतात.

"परिमलची आई, लोक काय म्हणतील? बायकांनी पुरुषांच्या बरोबरीने ताटावर बसायचं?"

"बरोबरीने नाही, शेजारी. डॉक्टरांनी सांगितलंय, मीठ-भात बंद. मीठ-भात बंद करायचा तर भाजीला माझ्यापर्यंत पोचावं लागेल, आणि ती चुलीपर्यंत चालत येत नाही, म्हणून मीच इथवर चालत आले. बसा. डोकं तुम्हालाच ठेवलंय."

माशाचं डोकं घरच्या कर्त्याचं, हा मान मोठा. पण क्षीरोदाने पुढे घातलंच, "तुम्हाला त्याची जास्त गरज आहे."

परिमलला हसू फुटलं. ते दाबायला त्याने भाताचा मोठा घास घेतला आणि ठसका लागला. नकुलने खांद्यावर पंचा टाकला आणि तो ताडताड बाजाराच्या वाटेला लागला. क्षीरोदा त्याच्या पाठीकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांत ती त्याच्या आधी कधी जेवली नव्हती. मग तिने तापसीचा हात धरून तिला खाली बसवलं.

त्या दिवशी तापसीने गरम मासा खाल्ला. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच. खाताना ती काटे इतके निगुतीने चोखत होती, की क्षीरोदाला बघवेना.

"आई, मीठ?" परिमल म्हणाला.

"शिंक्यात टांगलंय. उठून घे."

परिमलने वर शिंक्याकडे पाहिलं, आपल्या मांडीकडे पाहिलं, आणि मीठ न घेताच जेवला. आळशीपणाने त्या घराचं एवढं भलं त्याआधी कधी केलं नव्हतं.

नकुल बाजारातल्या खाणावळीत जेवू लागला. ऐटीत जायचा, ढेकर देत यायचा, आणि मुद्दाम ओसरीवरून सांगायचा, आज काय झणझणीत होतं! आळीत कुजबुज सुरू झाली, की क्षीरोदा राणी झाली, नवऱ्याला घराबाहेर जेवायला लावलं. बिंदू काळा चष्मा कपाळावर चढवून बघून गेली. मग एका पहाटे खाणावळीच्या रश्श्याने आपले गुण दाखवले. नकुल परसाकडे जाऊन येऊन इतका गळाला, की दुपारी त्याच्याच्याने उभं राहवेना. क्षीरोदाने मऊ भात केला, कच्च्या केळ्याची पातळ भाजी केली, आणि चटई पसरली. नकुल आला. कोणाकडे न बघता आपल्या ताटावर बसला. थोडं खाल्ल्यावर म्हणाला, "अळणी आहे."

"लिंबू पिळा."

त्याने लिंबू पिळलं. पुन्हा कोणी तो विषय काढला नाही.

सोपं नव्हतं ते. पहिले काही आठवडे क्षीरोदाला भात चावताना कापूस चावल्यासारखं वाटायचं. आणि सकाळचा पांता! मिठाशिवाय पांता म्हणजे नुसतं पाण्यात बुडालेलं दुःख. ती त्यात लिंबू पिळायची, हिरवी मिरची चुरडायची, कांदा घालायची, आणि डोळे मिटून गिळायची. एकदा शिंक्याखाली उभी राहून तिने हात वर नेलाही होता. मग तिला खांबाजवळची जागा आठवली आणि तिने हात खाली घेतला. हळूहळू जिभेला जाग आली. दुधी भोपळा गोड असतो हे तिला या वयात कळलं. ती तापसीला म्हणाली, "अगं, ह्या भोपळ्याला चव आहे की!" तापसी म्हणाली, "नेहमीच असते, आई. पण तो तुमच्यापर्यंत कधी आला होता?"

दवाखान्यातला काटा आता उतरू लागला. दिलरुबा मोजून झाल्यावर क्षीरोदाच्या पाठीवर थाप मारायची. आणि आळीत जाऊन नवं वाक्य सांगायची, "ताटात मीठ नको. कच्चं नको, भाजलेलं नको, तळलेलं नको, आणि बिंदुकाकी, जिरं घातलेलं तर मुळीच नको. आणि बायकांनो, भाजीबरोबर जेवा, भाजीनंतर नाही."

*

शिबिराच्या दिवशी नकुल बरोबर आला. कोणी सांगितलं नव्हतं. होडीने वाटेत वेळ खाल्ला, उरलेलं अंतर क्षीरोदा जवळजवळ धावतच आली, आणि छातीचा भाता चालू असतानाच त्या मुलीने दंडाला पट्टा बांधला. मुलीने काट्याकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

पुन्हा तेच. पुन्हा तीच रांग, तीच होडी, आणि आपण काठावर.

"थांबा," मागून दिलरुबा आली. "ह्या धावत आल्यात. बसू द्या त्यांना. परत मोजा. काकी, काही बोलू नका."

नकुलच्या काखेत एक छोटी चटई होती. ती त्याने कडुलिंबाखाली पसरली. क्षीरोदा बसली, डोळे मिटले, आणि बोटं आपोआप मांडीवर हलू लागली, दोन वर, एक खाली, दोन वर, एक खाली. अख्खा मोर तिने मनात विणला, चोच जिथे हवी तिथे. मग तिला पुन्हा बोलावलं. पट्ट्यात हवा भरली. ती हळूहळू सुटताना सगळ्यांनी श्वास धरला होता.

"ठीक आहे," मुलगी म्हणाली. "आजी, होडीत बसा."

दिलरुबाने भर मैदानात टाळी वाजवली. क्षीरोदा बसल्या जागी दोन्ही हात जोडून हसली, रडली, पुन्हा हसली. आणि नकुल, छाती फुगवून, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "मी सांगितलं होतं, आमच्या घरी सगळे एकत्रच जेवतात. आमची पद्धतच आहे तशी."

"काका, या, तुमचंही बघू," दिलरुबा गोड आवाजात म्हणाली.

"मला काय झालंय? मी घोड्यासारखा आहे."

पट्टा बांधला. मुलीने काट्याकडे पाहिलं, पुन्हा हवा भरली, पुन्हा पाहिलं, आणि डॉक्टरांना बोलावलं. घोड्याचं प्रेशर गेल्या वर्षीच्या क्षीरोदापेक्षा वर होतं. खाणावळ सुटली होती, पण पानातला जर्दा आणि शिंक्यातलं मीठ त्याने गुपचूप चालूच ठेवलं होतं, हे आता चव्हाट्यावर आलं. होडीत चढता चढता क्षीरोदा वळली.

"परिमलचे बाबा, घरी गेल्यावर शिंकं उतरवा. आणि ती जर्द्याची डबी मला द्या. माझ्याकडे सुया फार झाल्यात."

मैदान खो खो हसलं. नकुलही हसला, कान लाल करून.

*

पट्टी सुटल्यावर क्षीरोदाला पहिली दिसली ती खाटेच्या पायथ्याशी बसून पेंगणारी तापसी. या पोरीच्या हनुवटीवर तीळ आहे, हे तिला तोवर माहीत नव्हतं. घरी आल्यावर तिने आधी तो उलटा मोर शोधला. नकुलने तो गोठ्याच्या दारावर टांगला होता. तिने तो उन्हात धरला आणि इतकी हसली, की डोळ्याला काही लावायचं नाही ही दिलरुबाची सक्त ताकीद विसरून डोळ्याला पदर लावला. काळा चष्मा तिने काम संपताच बिंदूला देऊन टाकला. "तुझा जुना झालाय," म्हणाली.

हालचालीला मोकळीक मिळाली त्या सकाळी ती ओसरीवर आली. तापसी खांबाजवळून उठली आणि जागा पदराने पुसली.

"उठतेस कशाला?" क्षीरोदा म्हणाली. "खांबाला दोन बाजू आहेत. सरक जरा."

दोघी बसल्या, खांब मधे घेऊन. ऊन नेमकं दोघींच्या हातांवर पडलं. क्षीरोदाने पट्ट्या हातात घेतल्या. लाल लाल होती आणि साधी साधी होती. तिने चटईचा पहिला कोपरा धरला आणि बोटं चालू लागली, दोन वर, एक खाली, इतकी भराभर, की तापसी आपलं विणणं थांबवून बघत बसली.

दुपार झाली, ते क्षीरोदाच्या ध्यानातच आलं नाही. मोराची मान वर आली होती आणि आता चोच यायची होती. पलीकडे कमळाची मोठी चटई पसरल्याचा आवाज झाला. ताटं वाजली. ती नकुलने मांडली होती, सगळी, वाकडीतिकडी. परिमल बसला, तापसी हात धुऊन बसली.

"परिमलची आई, ये. वाढलंय."

"ही ओळ संपवते आणि येते."

परिमलचा हात ताटाकडे गेला. नकुलने त्याच्या हातावर चापट मारली.

"आई आली नाही अजून."

क्षीरोदाने मान वर केली नाही. लाल पट्टी उचलली, उजेडात पाहिली, आणि मोराला त्याच्या तोंडाच्या जागी चोच दिली. आजही ती जेवायला शेवटी पोचली. पण आज सगळे तिच्यासाठी थांबले होते, आणि कढई भरलेली होती.

"मासा गार झाला," नकुल कुरकुरला.

"होऊ दे," क्षीरोदा म्हणाली, आणि चटईवर मांडी घालून बसली.